बालवाडीची ताई व्हायचंय, कोर्स कोणता करू?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात राहता, बारावी आर्ट्स झालं आहे, पोरगी तीन वर्षांची आहे, लहान लेकरांना शिकवायची आवड आहे आणि तालुक्याला एक वर्षाचा माँटेसरी कोर्स आहे त्याची फी तीस हजार सांगून राहिले. तो केला तर अंगणवाडीत लागता येईल का, इंग्रजी कच्चं आहे तर चालेल का, आणि या कामात नेमकं शिकायचं तरी काय असते, असे तुमचे तीन प्रश्न. मी सेविका म्हणून सुरुवात केली आणि नंतर बरीच वर्षं सेविकांच्या आणि बालवाडीच्या ताईंच्या ट्रेनिंगमध्येच आहे, म्हणून लांब लिहून राहिले, सवडीनं वाचा.

पैशाचं आधी बोलते. तीस हजार आत्ताच भरू नका. अंगणवाडी सेविकेच्या भरतीला माँटेसरीचा कागद लागतच नाही. २०२३ च्या सुरुवातीला नियम बदलले तेव्हापासून सेविकेला बारावी पास पाहिजे, वय १८ ते ३५, विधवा बाईला ४० पर्यंत, त्याच गावची रहिवासी पाहिजे आणि दोनच्या वर लेकरं नको. मुलाखत नसते, गुणांची यादी लागते, त्यात बारावीचे मार्क सगळ्यात जड, मग पदवी, डी.एड., बी.एड., एमएससीआयटी यांचे वेगळे गुण. म्हणजे तुम्हाला नोकरीसाठीच पैसे घालायचे असतील तर पदवी पूर्ण करा आणि एमएससीआयटी करून ठेवा, ते जास्त कामी येते. बाकी जागा तुमच्या गावात निघेल तेव्हाच निघेल, त्याच्यावर कोणाचा जोर नाही, आणि कोणी म्हणत असेल की कोर्स करा आम्ही अंगणवाडीत लावून देतो तर तिथून सरळ उठून या. जाहिरात निघाली की स्वतः ओळ न् ओळ वाचायची, कोणाच्या सांगण्यावर जायचं नाही.

आता कोर्सचं. माँटेसरी हे नाव कोणाच्या मालकीचं नाही, कोणीही बोर्ड लावू शकते, म्हणून नावावरून काहीच कळत नाही. एनटीटीचंही, म्हणजे नर्सरी टीचर ट्रेनिंगचंही तसंच. सरकारमान्य म्हणून जो कोर्स असतो तो डी.पी.एस.ई., पूर्वप्राथमिकची दोन वर्षांची पदविका, तिला एनसीटीईची, म्हणजे शिक्षकांच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या संस्थेची मान्यता लागते आणि बारावीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला त्यात सवलत. संस्थेला मान्यतेचं पत्र मागायचं, दाखवायला टाळाटाळ केली की समजून घ्यायचं. खेड्यातल्या बाईला घर, शेत, लेकरू सांभाळून सगळ्यात परवडणारा रस्ता मला इग्नूचा, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यापीठाचा वाटतो, त्यांचा डी.ई.सी.ई. हा बालसंगोपन आणि शिक्षणाचा डिप्लोमा बारावीवर होतो, कमीत कमी एक वर्ष लागते, घरी बसून हिंदीतून करता येतो, नागपूरला त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे, आणि त्यात प्रोजेक्ट करावाच लागतो म्हणजे लेकरांमध्ये जाऊन काम केल्याशिवाय सुटका नाही. पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायचं मनात असेल तर रस्ता वेगळा, डी.एल.एड. ही शिक्षक पदविका, मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून, त्यामुळे इकडे शिकलेलं तिकडे वाया जात नाही.

त्याच धोरणात सेविकांच्या ट्रेनिंगचंही लिहिलं आहे, बारावी किंवा जास्त शिकलेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स आणि कमी शिकलेल्या सेविकेला एक वर्षाचा डिप्लोमा, नोकरी करता करता. म्हणजे सेविका म्हणून लागलात तर शिकायचं नंतरही आहेच. मे २०२३ पासून अंगणवाडीत आहारासोबत शिक्षणावर जोर देणारा केंद्राचा पोषण भी पढाई भी कार्यक्रम आला आहे, २०२४ ला ३ ते ६ वर्षांच्या लेकरांसाठी आधारशिला हा अभ्यासक्रम आणि त्याच्या खालच्या वयासाठी नवचेतना निघालं. आपल्या राज्याचा आकार अभ्यासक्रम त्याच्या आधीपासून अंगणवाड्यांत आहे. ही पुस्तकं तुमच्या गावच्या सेविकेकडे असतात, मागून घ्या आणि कोर्सला नाव टाकायच्या आधी वाचून काढा, त्याला पैसा लागत नाही.

तरी प्रायव्हेट कोर्सच करायचा असेल तर एकच गोष्ट विचारा: वर्षभरात लेकरांसमोर किती दिवस उभं करणार, आणि तेव्हा मागं बसून पाहणारं, नंतर बोलणारं कोणी असेल का? चार्ट किती करायचे, फाइल किती भरायच्या, थर्माकोलचं काय बनवायचं हे ते उत्साहानं सांगतील. थर्माकोलच्या घराला लेकरू हात लावू शकत नाही, ते भिंतीवर पाहुण्यांसाठी असते. मी अशा फाइली भरपूर पाहिल्या आहेत, अक्षर मोत्यासारखं, आणि ती फाइल लिहिणारी ताई रडणाऱ्या तीन वर्षांच्या पोरासमोर उभी राहिली की तिला काय करावं ते सुचत नाही. दोष तिचा नाही, तिला कोणी लेकरांत नेलंच नाही.

म्हणून तुमचा तिसरा प्रश्न, शिकायचं काय, हाच माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न आहे.

सगळ्यात आधी पाहायला शिका. ऐकायला सोपं वाटते पण आमच्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो. एक लेकरू निवडायचं, दहा-पंधरा मिनिटं त्याच्याजवळ बसायचं, काही शिकवायचं नाही, मदत करायची नाही, जे दिसलं ते लिहायचं. नवीन ताया पहिल्यांदा काय लिहून आणतात? हुशार आहे, मस्ती करते, लक्ष देत नाही. हे पाहणं नाही झालं, हा निकाल झाला. लिहायचं असं, की पोरीनं स्टीलच्या डब्याचं झाकण उचललं, उलटं ठेवलं, बसलं नाही, माझ्याकडे पाहिलं, मी बोलली नाही, मग तिनं ते पलटवलं, दाबलं, टक असा आवाज आला, हसली, परत काढलं, आणि हे पाच वेळा केलं. यात तिचं बोटांचं काम दिसते, अडलं की काय करते ते दिसते, मोठ्या माणसाकडे पाहून पण ती थांबत नाही हे दिसते, आणि उद्या तिच्यासमोर काय ठेवायचं तेही तुम्हाला कळते, दोन मापांचे डबे आणि दोन झाकणं ठेवा, कोणतं कोणाचं ते तिला शोधू द्या. तुमची पोरगी घरातच आहे, आजपासून सुरू करता येते, फक्त एक वही वेगळी ठेवा आणि तारीख टाका.

दुसरं म्हणजे या वयाचं लेकरू विचार कसं करते ते. पियाजे नावाचा स्वित्झर्लंडचा शास्त्रज्ञ होता, त्याचा एक प्रयोग सीताफळाच्या बिया घेऊन घरी करून पाहा. चार वर्षांच्या लेकरासमोर पाच-पाच बियांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा, विचारा दोन्हीत सारख्या आहेत का, ते हो म्हणते. मग त्याच्या डोळ्यांसमोर एक ओळ लांब पसरवा, बी एकही वाढवू नका. आता विचारा जास्त कुठं. बहुतेक लेकरं लांब ओळीकडे बोट दाखवतात, आणि ती शंभरापर्यंत म्हणणारी लेकरं असली तरी. म्हणजे पाठ म्हणणं वेगळं आणि संख्या कळणं वेगळं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यानं पाहिलं की अंकांचा तक्ता घोकून घ्यायची घाई आपोआप कमी होते, आणि तुम्ही एकास एक जोड्या लावणं, वेगवेगळं करणं, लहान-मोठं लावणं याच्याकडे वळता. जेवणाच्या वेळी प्रत्येकाच्या समोर एक ताटली, प्रत्येक ताटलीत एक चमचा, हे लेकरांकडून करून घेणं म्हणजे गणितच आहे. तूर आणि हरभरा मिसळून निवडायला देणं पण गणित, आणि त्यात चिमटीची ताकद येते ती वेगळी. फक्त तीन वर्षांच्या खालचं लेकरू जवळ असेल तर बारीक दाणे लांब ठेवा, नाकात-घशात घालतात.

तान्ह्या पोळ्याचं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे लेकरं लाकडी नंदी घेऊन निघतातच, तर ते नंदी अंगणवाडीत आणायला सांगा. कोणाचा बोटाएवढा, कोणाचा चाकाचा मोठा. सगळ्यात लहान पासून सगळ्यात मोठ्या पर्यंत ओळ लावायला लेकरांना सांगा आणि तुम्ही मागं सरा. मधला नंदी कुठं ठेवायचा याच्यावरून जो वाद होतो तो ऐका, याच्याहून मोठा पण त्याच्याहून लहान हे ते आपल्या शब्दांत बोलायला लागतात. मग नंदीला नाव ठेवणं, तो काय खातो, शेतात काय करतो, रात्री कुठं बसतो, एका एका पोराची गोष्ट. एका सणात भाषा, गणित, हाताचं काम सगळं होते. भुलाबाईच्या दिवसांत गाण्यांचं तसंच, आज्या बोलावा, त्यांना जितकी येतात तितकी आपल्याला येत नाहीत.

हे काही मी नवीन सांगत नाही. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यात बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी पाड्यांवर हेच केलं, माँटेसरी पद्धत काढणाऱ्या मारिया माँटेसरीबाईंचं महागडं साहित्य खेड्यात परवडत नाही म्हणून बिया, शिंपले, पानं, माती यांच्यातून साहित्य उभं केलं, आणि लेकरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. आपल्या विदर्भात तर १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातानं काम करत शिकायची पद्धत निघाली आणि १९४५ नंतर सेवाग्रामला सात वर्षांखालच्या लेकरांचीही पूर्व-बुनियादी शाळा त्यात आली, सफाई, पाणी, बाग, जेवण हाच अभ्यास. तुम्हाला जमलं तर वर्धेला एकदा जाऊन सेवाग्राम पाहून या, यवतमाळहून लांब नाही, शिकणाऱ्या प्रत्येक ताईनं पाहावं असं मला मनापासून वाटते.

आता लिहिण्याचं, कारण यावरून तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास होणार. आई-बाप येतात आणि म्हणतात, मॅडम, कॉन्व्हेंटमधलं पोट्टं एबीसीडी लिवते, आमच्याले साधी रेघ काहून नाही येत? त्यांचं चुकत नाही, कापूस विकून पैसा लावतात तर काही दिसलं पाहिजे ना. पण चार वर्षांच्या लेकराचा पंजा अजून घडायचा असतो, मनगटाची हाडं पूर्ण तयार नसतात, पेन्सिल ते मुठीत धरते, आणि जबरदस्ती गिरवून घेतलं की हात दुखतो, चुकीची पकड बसते आणि वही पाहिली की ते पळते. त्याच्याऐवजी माती मळणं, कागद फाडणं, ओला फडका पिळणं, मणी ओवणं, जमिनीवर खडूनं मोठ्या मोठ्या रेघा, काडीनं मातीत चित्र, हे लिहिण्याचीच तयारी आहे. आई-बापांना भाषण देऊन हे पटत नाही. महिन्यातून एकदा त्यांना बोलवा आणि लेकरू काम करताना दाखवा, जूनमध्ये काढलेलं चित्र आणि दिवाळीनंतरचं चित्र शेजारी ठेवा, दोन्हीवर तारीख पाहिजे. जूनमध्ये नुसता गोळा असतो, दिवाळीनंतर त्या गोळ्याला डोळे आणि पाय फुटलेले असतात. बाप लोकं बोलत नाहीत जास्त, पण चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहतात.

भाषेचं फार मनावर घ्या ही माझी विनंती आहे. लेकरू म्हणते, मले पानी पायजे. ताई म्हणते, मला पाणी पाहिजे असं म्हण. ते परत म्हणते, ताई परत सुधारते, आणि चौथ्या दिवशी ते बोलायचंच बंद होते, तहान लागली तरी गप्प बसते. पाणी द्या आधी! देता देता तुम्ही म्हणा, हं, तुला पाणी पाहिजे, घे, थंड आहे. तुमची भाषा त्याच्या कानावर पडते आणि त्याची भाषा चुकीची ठरत नाही. वऱ्हाडी घरात हे तरी सोपं, पण तुमच्या जिल्ह्यात कोलाम पोड, म्हणजे कोलामांच्या वस्त्या आहेत, बंजारा तांडे आहेत, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, तिथं लेकरू येते तेव्हा त्याला मराठी परकीच असते. म्हणूनच भरतीच्या नियमात पण आहे की निम्म्याहून जास्त लेकरांची घरची भाषा वेगळी असेल तर सेविकेला ती भाषा यायला पाहिजे. तुमच्या गावाजवळ पोड किंवा तांडा असेल तर आत्तापासून त्यांची भाषा शिकायला घ्या, ये, बस, पाणी, जेव, दुखते का, आई येईल, भिऊ नको, एवढ्यापासून सुरुवात करा. हे कोणत्याच कोर्सला शिकवत नाहीत आणि पहिल्या आठवड्यात हेच कामी येते.

पहिल्या आठवड्याचं आलं म्हणून सांगते. नवीन लेकरू रडते तेव्हा आयांना वाटते की नजर चुकवून निघून जावं. तसं करू देऊ नका. आईनं सांगून जायचं, मी वेचायला जाते, खिचडी झाली की घ्यायला येते, आणि त्या वेळी यायचंच. पहिले काही दिवस आई थोडा वेळ बसली तरी चालते. आधारशिलामध्ये वर्षाचे पहिले ४ आठवडे नुसते रुळण्यासाठी ठेवले आहेत, ते उगाच नाहीत. आपल्याकडे अडचण अशी की लेकरं जेमतेम रुळतात आणि कापसाची वेचणी लागते, मग आया सकाळीच शेतात, लहान्याला मोठी बहीण आणते, कधी शेतातच नेतात, हजेरी पडते, आणि दिवाळीनंतर अर्धी लेकरं परत नव्यानं रडतात. त्याला इलाज म्हणजे वेचणीच्या दिवसांत एका दिवसात संपणारं काम ठेवायचं, आज आलं उद्या नाही तरी त्याचं काही तुटत नाही. आणि एप्रिल-मेचं ऊन तुम्हाला सांगायला नको, मैदानाचं सगळं सकाळी लवकर, नंतर सावलीत पाण्याचे खेळ, गोष्ट, झोप.

अंगणवाडीत तीन वर्षांचं आणि सहा वर्षांचं लेकरू एकाच खोलीत असते हे पण लक्षात ठेवा. सगळ्यांना एकदम एकच शिकवायचं म्हटलं की मोठे कंटाळतात आणि लहाने रडतात. गोष्ट आणि गाणी सगळ्यांची सोबत, बाकी वेळ कोपरे, एकात ठोकळे, एकात भातुकली, एकात माती, एकात चित्रांची पुस्तकं, आणि तुम्ही एका वेळी पाच-सहा जणांजवळ. हे नुसतं वाचून जमत नाही, चालत्या अंगणवाडीत बसून पाहावं लागते. अंगणवाडीची सेविका फक्त शिकवत नाही हे पण डोक्यात असू द्या, आहार आहे, वजन-उंची आहे, लसीकरणाचा दिवस आहे, पोषण ट्रॅकरच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये माहिती भरणं आहे, नेटवर्क नसलं की तेच काम दुपारभर चालते. कुपोषण पाहायची दंडाची पट्टी ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल दाखवते, म्हणजे तीव्र कुपोषण, त्या लेकराला तुम्ही कितीही चांगला खेळ द्या, ते खेळत नाही, कोपऱ्यात बसून राहते, त्याला आधी दवाखान्यात पोचवावं लागते. शिकवायला आलेल्या ताईला हे काम आपलं वाटत नाही सुरुवातीला. पण या वयात खाणं आणि शिकणं वेगळं काढताच येत नाही, मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते असं धोरणातच लिहिलं आहे.

इंग्रजीची चिंता सोडा. लेकराशी त्याच्या भाषेत भरपूर बोलणारी, गोष्ट रंगवून सांगणारी, आणि गोष्ट मध्येच थांबवून मग काय झालं असन असं विचारून उत्तराची वाट पाहणारी ताई पाहिजे. वाट पाहणं अवघड जाते, मनात हळूच दहा मोजा, तेवढ्यात लेकरू बोलते. उद्या प्रायव्हेट नर्सरीत लागलात तर दोन-चार इंग्रजी गाणी आणि रोजची वाक्यं लागतील, ती महिन्या-दोन महिन्यांत येतात.

तर आता करायचं काय. गावच्या सेविकेला भेटा, तिच्या पर्यवेक्षिकेची परवानगी घ्या आणि आठवड्यातून दोन-तीन सकाळी अंगणवाडीत जाऊन बसा, तुमची पोरगी तीन वर्षांची आहे म्हणजे ती पण सोबत येईल, तिचं नाव तिथंच टाका. सेविकेला आणि मदतनीस बाईला हात द्या, लेकरांचे हात धुऊन द्या, वाढा, गोष्ट सांगा, आणि घरी येऊन वही लिहा. तीन महिने झाले आणि तरी सकाळी तिथं जावंसं वाटत असेल तर इग्नूचा फॉर्म भरा, नाही वाटलं तर तीस हजारही वाचले. सोबतच पदवीला नाव टाकून ठेवा. बारावीची मार्कशीट, रहिवासी दाखला, जातीचा दाखला असेल तर तो, आणि लग्नानंतर नाव बदललं त्याचं राजपत्र किंवा लग्नाचा दाखला, हे सगळं एका पिशवीत तयार ठेवा, कारण भरतीची जाहिरात निघाली की दिवस थोडेच देतात आणि आपल्या बायांचे अर्ज जास्त करून नावातल्या फरकावरच अडकतात.

कोर्सवाल्यांचं माहितीपत्रक तुमच्याकडे असेल तर त्यात काय काय शिकवणार म्हणून लिहिलं आहे ते इथं टाका, मी पाहून सांगते.